काळ्या गुळाचा खडा

डॉक्टरकडे गेलात तर आधी पोट दाखवू नका, आधी आपलं काम सांगा. काय करता, दिवसभर कशाला हात लावता आणि त्याच हातांनी काय खाता. मी हे सांगितलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. त्यात माझे आठ महिने गेले आणि उजवा हात जाता जाता राहिला.

मी गोव्यात डिचोलीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत असे. हे काम आता कुठे उरलेलं नाही, म्हणून थोडं सांगतो. एकेका अक्षराचा एक शिशाचा खिळा. लाकडी खणांतून तो बोटांनी उचलायचा, ओळीत उभा करायचा, ओळींचं पान बांधायचं आणि ते यंत्रावर चढवायचं. छापून झालं की पान मोडून सगळे खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे. माझा नातू हे ऐकतो आणि म्हणतो, आजोबा, थापा मारू नका.

अनंतकाका

मला हे काम अनंतकाकांनी शिकवलं. ते सीमेपलीकडच्या बांद्याकडचे. तरुणपणी गोव्यात आले ते इथलेच झाले, फक्त बोली तिकडचीच राहिली. लग्न केलं नाही. छापखान्यामागच्या खोलीत राहायचे, स्वतःची पेज स्वतः शिजवायचे. धोतर गुडघ्यापर्यंत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. न बघता खिळा उचलायचे, आणि उचलला तो हवा तोच असायचा. मी माझ्या गावाहून, सर्वणहून, सायकलने यायचो. दारात सायकल टेकली की आतून आवाज यायचा, "इलो गो बाई राजो!" उशीर झाला असेल तरच. वेळेवर आलो तर काहीच नाही.

खरं सांगतो, त्या छापखान्याइतकं सुख मला नंतर कुठे मिळालं नाही. रॉकेल आणि शाईचा मिसळलेला वास, पायाने हाणायच्या यंत्राचा ठेका, उघड्या जनेलातून येणारा बाजाराचा गलका. बारीक खिळे ओठांत धरून गप्पा मारायची आमची कला होती. ओठांत चार खिळे धरून काका अख्खं दशावतारी नाटक सोंगांसकट म्हणून दाखवत. खणांत धूळ साचली की आम्ही फुंकर मारून ती उडवायचो आणि उन्हाच्या पट्ट्यात ती चमकायची. ती धूळ शिशाची आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण आमच्याकडे त्यावर औषध होतं.

रोज चार वाजता यंत्र थांबायचं. मालक, ज्यांना सगळे भाई म्हणत, त्यांच्या घरून पाण्याची कळशी आणि माडाच्या काळ्या गुळाची ढेप यायची. ढेप फोडायचा मान काकांचा. ते खडे मोडायचे आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. माझ्या हातात पान असलं तर सरळ तोंडात घालायचे.

"खा. गूळ खाल्लो काय शिसा बाधना नाय."

त्यांना हे त्यांच्या गुरूने सांगितलं होतं, आणि त्याला त्याच्या गुरूने. चार वाजताचा तो खडा चुकवायची आमची छाती नव्हती. आणि चुकवायचा तरी कशाला? त्या गुळासारखा गूळही मी नंतर खाल्लेला नाही.

भाषेचे दिवस

मग राजभाषा मराठी की कोकणी यावरून भाषेचं आंदोलन पेटलं. गावागावांत भिंती रंगल्या, बस बंद पडल्या, सोयऱ्यांनी एकमेकांकडे जेवायला जाणं सोडलं. आम्हाला मात्र मान वर करायला फुरसत नव्हती. सकाळी मराठीवाल्यांचं पत्रक, दुपारी कोकणीवाल्यांचं. दोघांची लिपी एकच, त्यामुळे सकाळी मोडलेल्या पानाचेच खिळे दुपारी दुसऱ्या बाजूने उभे राहायचे. दोन्हीकडचे लोक प्रुफासाठी एकाच बाकावर तोंडं फिरवून बसलेले असायचे. काका त्या दोघांनाही गूळ-पाणी द्यायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीच्या सुमारास माझं पोट दुखायला लागलं.

साधं दुखणं नव्हतं. आतड्याला पीळ घालून कुणी ओला तुवालो पिळावा तसं व्हायचं. पोट साफ होईना. तोंडात सतत एक गोडसर, धातूची चव. गावच्या डॉक्टरने जंतांचं औषध दिलं. दुसऱ्याने गॅस सांगितला. तिसरा म्हणाला अपेंडिक्स, कापून टाकू. आई म्हणाली दृष्ट लागली, इतक्या लोकांच्या भांडणांचे कागद हाताळतो तर लागणारच. तिने गावच्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घातलं. माझी बायको सुनंदा हळर्णची, बोलायला तिखट. ती म्हणायची, "देवाक सांगा, पण मोठ्या इस्पितळातय दाखवा." दोघींचं वाजायला लागलं. मी मधे पडून विव्हळत असायचो. तीन वर्षांची आमची मुलगी दाराआडून बघत राहायची. तिच्या नजरेचं मला पोटापेक्षा जास्त दुखायचं.

काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"तुका शिसा बाधला. गूळ कमी पडलो," ते म्हणाले. "आजपासून तुका दोन खडे."

दोनाचे तीन झाले. जितकं दुखेल तितका गूळ. ढेपेचा मधला, मऊ भाग ते माझ्यासाठी राखून ठेवायचे. सख्ख्या बापाने केली नसती एवढी काळजी त्या माणसाने केली.

पान कोसळलं

उन्हाळा आला. लाटंबार्श्याकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना काजूच्या बोंडांचा वास येत होता, म्हणजे वैशाख असावा. मी बांधलेलं एक पान उचलून यंत्राकडे निघालो आणि उजवं मनगट खाली पडलं. दुखलं नाही, काही नाही. नळाचं तोंड वाकावं तसा पंजा खाली लोंबला. अख्खं पान जमिनीवर गेलं, हजारो खिळे फरशीभर.

मी हात वर करायला गेलो. दंड उठला, कोपर उठलं, पंजा उठेना. डाव्या हाताने धरून वर केला, सोडला, परत खाली. पोट भरणारा माझा हा एकच हात होता. मी तिथेच खिळ्यांत बसलो आणि रडलो. काका माझ्या शेजारी उकिडवे बसून खिळे गोळा करत होते आणि म्हणत होते, "जातला बरा, रगू, जातला बरा."

या वेळी सुनंदाने कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला बसमध्ये घालून तिने मोठ्या इस्पितळात नेलं.

पांवाचा तुकडा

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. तिने पोट दाबलं नाही. आधी माझा लोंबणारा हात बघितला, मग म्हणाली, "तोंड उगडात." विजेरीने हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. ती मी रोज आरशात बघत होतो आणि मला वाटायचं तंबाखूची असेल.

"तुमी कितें काम करतात?"

आठ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

"छापखान्यांत. खिळे जुळयतां."

"शिशाचे? थंय बसून कितें खातात?"

मला हसू आलं. म्हटलं, आता ही शहाणी मला गुळाबद्दल काय सांगणार. "फकत गूड. तो शिशाक बरो."

"खातना हात धुतात?"

"पुसतां," मी म्हणालो. रॉकेलच्या फडक्याला पुसायचो आम्ही. त्याहून स्वच्छ काय असणार?

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नाश्त्यातला पांव तिने मागून घेतला आणि माझ्या डाव्या हातात दिला. गूळ मोडता तसा हा मोडून दाखवा म्हणाली. मी सकाळी साबणाने हात धुतले होते. तरी पांवाच्या पांढऱ्या भागावर माझ्या बोटांचे करडे ठसे उमटले. नखांच्या कडांतलं कधी निघतच नव्हतं.

ते ठसे तिने मला दाखवले आणि हळूच म्हणाली, "काळ्या गुळार हें दिसना."

रक्त मुंबईला जाऊन यायला पुष्कळ दिवस लागले, पण मला त्याच घटकेला कळलं. काळ्या गुळावर काळं बोट. रोज चार वाजता. आणि गेले आठ महिने तिप्पट. बाकीच्यांना का नाही झालं, असं मी विचारलं. ती म्हणाली, झालं नाही हे कशावरून? सगळ्यांच्या अंगात सारखं उतरत नाही, आणि उतरलं तरी माणसं दुसरंच नाव देतात. मग तिने सुनंदाला विचारलं की माझे कपडे कुठे धुतात. मुलीच्या झग्यांबरोबर एकाच बालदीत, असं सुनंदाने सांगितलं. मुलीचंही रक्त घेतलं. ते चांगलं निघेपर्यंतचे दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते मी लिहीत नाही.

खाटेवर

सुया कंबरेत देत. पाच दिवस सुया, मग काही दिवस विश्रांती, परत सुया. त्या इतक्या दुखत की पोटाचं विसरायला व्हायचं. सकाळी पांव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की वॉर्ड जागा व्हायचा. शेजारच्या म्हाताऱ्याचे दात गेलेले. तो चहाच्या कोपात पांव बुडवायचा आणि दुसरा अर्धा मला द्यायचा. माझा उजवा हात फळीला बांधलेला, डाव्याने मला कुलेर, म्हणजे चमचा, धड धरता येईना. तो म्हणायचा, "खा रे, म्हजें तोंड आनी तुजो हात, दोगांक मेळून एक मनीस." आम्ही खूप हसायचो. त्याच्या घरचं कुणी येत नसे आणि तरीही तो हसायचा, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा मी तिथेच होतो. कुणीतरी रेडिओ मोठा केला. वॉर्डात पेढे वाटले. खाली रस्त्यावर फटाके लागत होते आणि मला एवढंच वाटत होतं, आज छापखान्यात केवढं काम असेल, काकांना एकट्याला कसं झेपेल.

दोन दिवसांनी काका आले. डिचोलीबाहेर सहसा न पडणारा माणूस दोन बस बदलून आला. हातात पुडी. चुकलेल्या प्रुफाच्या कागदात बांधलेला गूळ.

"रगू, मधलो भाग आणलाय तुका," असं म्हणत त्यांनी खडा मोडला आणि नेहमीसारखा माझ्या तोंडाशी आणला. मी त्यांची बोटं बघितली. त्या बोटांनी मला पोट भरायला शिकवलं होतं. माझं तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मी तो खाणार होतो.

"काका, आदी हात धुवन येवा," सुनंदा म्हणाली.

"सोच्छ आसत गो माजे हात."

"आसत तर धुवक काय जाता?" आणि मग तिला थांबवता आलं नाही. "ह्या गुळानच तेंचो हात पडलो, काका. डॉक्टरणीन सांगलां. तुमी भरयला, तेनी खाल्ला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघितलं. "तसं नाही काका" म्हणणं खोटं होतं, आणि "हो काका" मला म्हणवेना. आयुष्यात मी पुष्कळ भित्रेपणा केला, पण त्याच्याइतका लाजिरवाणा नाही.

त्यांनी खडा पुडीत परत ठेवला. कागदाच्या घड्या होत्या तशाच घातल्या. "बरा," एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांच्या पायऱ्या उतरायचा आवाज थांबल्यावर सुनंदा तोंडाला पदर लावून रडली. मला तिचा राग आला होता, आणि ती नसती तर मी जगलो नसतो हेही मला त्याच वेळी कळत होतं.

उठेल का

घरी आलो तेव्हा पोट शांत होतं, पण हात तसाच. डॉक्टरीण म्हणाली होती की उठेल, कदाचित, वेळ लागेल. त्या 'कदाचित'वर आम्ही पाच महिने जगलो. ताटात चवळीचे दाणे पसरून मी एकेक उचलायचो. मुलगी समोर बसून मोजायची आणि तीनानंतर तिला पुढचं येत नसे, म्हणून परत एकपासून. आई रोज राखणदाराला सांगायची, सुनंदा रोज तेल चोळायची. दोघी आता एकाच लाकडी माचीवर बसून माझ्या बोटांकडे बघायच्या. माझ्या आजाराने त्यांचं भांडण मिटलं, एवढा त्याचा उपकार.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दात घासताना मनगट आपोआप वर आलं. थोडंसंच. मी घरभर दाखवत सुटलो. मग इस्पितळात दाखवलं. डॉक्टरीण खूश झाली आणि त्याच श्वासात म्हणाली की शिशाला पुन्हा हात लावायचा नाही. कधीच नाही. हात परत मिळाला आणि हाताचं काम गेलं. येताना बसमध्ये मी सुनंदाला म्हटलं, मग हा उठला कशाला? ती म्हणाली, "पोरीक उचलूक."

भाईंनी मला घरी प्रुफं वाचायला पाठवायला सुरुवात केली. छापखान्यात आता साबण आणि बालदी ठेवली आहे, असं प्रुफं घेऊन येणाऱ्याकडून कळलं. काकांनी गूळ वाटणं बंद केलं होतं. ते कुणाशी फारसं बोलत नाहीत, असंही कळलं. मी दर रविवारी जायचं ठरवायचो आणि जात नसे.

नऊ नावं

शेवटी काकाच आले. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. भर दुपारी मोठ्या रस्त्यापासून चालत सर्वणला आले. अंगणात उभे राहून आधी सुनंदाला म्हणाले, "तू खरा बोललंस. माका राग येवक नाय हां. लाज वाटली." तिने त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि वाकून पाया पडली.

मग माझ्याकडे वळले. मी बोलायचं ते इतके महिने जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "काका, मी तुमच्यावर रागावलो नाही. मला तुमची फार आठवण आली." त्यांनी नाक पुसलं.

"तुजा सोड. तू बरो झालंस," ते म्हणाले. "माका झोप नाय ती येगळ्याच गोष्टीन. तुज्याआदी मी नव जणांक शिकवलंय. कोण दोन वर्षां रवलो, कोण पाच. मगे पोटात दुकता म्हणान गावाक गेले. परत इले नाय. माका वाटला, कामाक कंटाळले. मी तेंका शिव्या घातलंय." त्यांनी धोतराच्या कनवटीतून एक कागद काढला. नऊ नावं आणि नऊ गावं, खिळे जुळवावेत तशी नीट लिहिलेली. "सगळ्यांका गूळ मीच दिलंय. तुजो हात चलता मां? मगे लिव."

बरा झाल्यावर त्या हाताने मी केलेलं पहिलं काम ते. अक्षर वाकडंतिकडं येत होतं, दर दोन ओळींनी मनगट थकत होतं. काका शेजारी बसून सांगत होते आणि मी नऊ पत्रं लिहिली. पोटात दुखतं का, हिरड्या काळ्या आहेत का, हात उठतात का. डॉक्टरला आधी सांगा की तुम्ही शिशाचं काम करत होता.

चौघांची उत्तरं आली. तिघे ठीक होते. चौथं पत्र पेडण्याकडच्या एका गावातून, शाळकरी अक्षरात. त्या माणसाच्या मुलीने लिहिलं होतं. बाबांचे दोन्ही हात उठत नाहीत. अंगावरून वारं गेलंय असं सगळे म्हणतात. आई त्यांना भरवते. तुमचं पत्र वाचून बाबा विचारतात, आता उशीर झाला का?

मी ते काकांना छापखान्यामागच्या त्यांच्या खोलीत वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. शेवटची ओळ संपायच्या आत ते उठले, खुंटीवरचा सदरा अंगात चढवला आणि चपला शोधायला लागले.

"चल," ते म्हणाले. "तेका घेवन येवया."